चहाडीची खोली

३ ऑक्टोबर, मंगळवार

पोचले एकदाची! सहा तास बसमध्ये बसून कंबरेचा पार भुगा झाला, पण शेवटच्या वळणावर किल्ला समोर आला आणि सहलीला निघालेल्या मुलीसारखी मी सीटवरून अर्धी उठलेच. टेकडी, टेकडीवर तट, तटाला बिलगून बसलेलं गाव आणि पायथ्याशी तळं. वीस वर्षं मी शाळेत इतिहास शिकवला. असले किल्ले फळ्यावर किती काढले असतील त्याची गणती नाही. प्रत्यक्षात मात्र एवढा मोठा, अजून छप्पर शाबूत असलेला, आजच पाहिला.

धाकटी स्टँडवर आली होती. तिनं लांबूनच “ताई!” अशी हाक मारली आणि माझ्याबरोबर आणखी चार बायकांनी वळून पाहिलं. तिचा आवाजच तसा आहे. लहानपणी ती झोपेत बडबडायची तेही ऐकत राहावंसं वाटायचं, असं आई सांगायची. माझा आवाज बाबांवर गेला. शाळेत पोरं मला मागून ‘खडूबाई’ म्हणत. खडू फळ्यावर करकरतो तसा माझा आवाज, म्हणून.

घर छान आहे. गल्लीच्या टोकाला, तटाला पाठ लावून. खाली स्वयंपाकघर आणि बैठकीची खोली, वर झोपायच्या दोन खोल्या. मला भाचीच्या खोलीत खाट टाकून दिली आहे. भाची सात वर्षांची. सतत काहीतरी कुरतडत असते म्हणून तिला सगळे खारू म्हणतात. मेहुणे किल्ल्याच्या तिकीटखिडकीवर असतात आणि धाकटी किल्ल्यात गाइड आहे. म्हणजे एक आत सोडतो आणि दुसरी आत फिरवते, असा मेहुण्यांचा ठरलेला विनोद. मी हसले.

आमची शाळा दुसऱ्या शाळेत मिसळली आणि माझी जागा गेली, हे इथे कुणी काढलं नाही. महिनाभर राहा, सगळं बघ, मग पुढचं पुढे, एवढंच धाकटी म्हणाली. ही वही मुद्दाम नवी आणली आहे. रोज लिहीन.

४ ऑक्टोबर, बुधवार

सकाळी नऊच्या गटाबरोबर किल्ला पाहिला. गटात अठरा माणसं आणि एकोणिसावी मी. मोठा दरवाजा, त्याच्या फळ्यांवरचे टोकदार खिळे, दारूकोठार, धान्याचं कोठार, आणि वर तटावरून चालायची वाट. वारा असा की दोन टोप्या तळ्याच्या दिशेनं उडाल्या. धाकटी पुढे उलटी चालत बोलत होती, पायऱ्यांवरसुद्धा. इतकी वर्षं झाली, दगड न् दगड पायाला पाठ आहे, म्हणाली.

बोलते मात्र सुंदर. वेढ्यातल्या शेवटच्या आठवड्याची हकिगत सांगताना एक जाडजूड गृहस्थ चक्क डोळे पुसत होते. पण वेढ्याचं साल तिनं नऊ वर्षांनी चुकवलं. आणि सरदाराचा भाऊ म्हणून ज्याची गोष्ट सांगितली तो त्याचा पुतण्या होता. दहावीला इतिहासात तिला काठावर पास करताना माझ्या नाकी नऊ आले होते, ते आठवलं. शेवटी अठरा जणांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या.

वीस वर्षांत माझ्या तासाला कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. तास संपला की बाकं सरकायची, बस्स.

५ ऑक्टोबर, गुरुवार

आज तळं आणि वस्तुसंग्रहालय. तळ्यात पायानं चालवायच्या होड्या आहेत. होडीवाल्यानं धाकटीची बहीण म्हणून मला रांगेतून पुढे घेतलं. संग्रहालयाच्या बाईंनी धाकटीची बहीण म्हणून चिलखत हातात धरू दिलं. बेकरीवाल्यानं, चष्मेवाल्यानं, सगळ्यांनी तेच केलं. गावात माझी ओळख एवढीच. सगळ्यांचं एकच पालुपद, तुम्हालाही तिच्यासारखं गोड बोलता येतं का हो?

दुपारच्या गटात तिनं एक नवी जागा दाखवली. मोठ्या दरवाजाच्या आत डावीकडे, घुमटाची गोल खोली. हिला चहाडीची खोली म्हणतात. एका कोपऱ्यात भिंतीला तोंड लावून कुजबुजलं की पलीकडच्या कोपऱ्यात स्वच्छ ऐकू येतं, मध्ये उभ्या असलेल्याला मात्र चकार शब्द कळत नाही. पूर्वी गावकरी इथे येऊन शेजाऱ्याच्या तक्रारी सांगत. पलीकडे अधिकारी बसे. दोघांनी एकमेकांचं तोंड बघायचं नाही. तक्रार मान्य झाली की ज्याच्याविरुद्ध सांगितलं त्याचं घर, रान, हुद्दा, जे काही असेल ते सांगणाऱ्याला मिळे.

आम्हीही खेळून पाहिलं. मी एका कोपऱ्यात, धाकटी दुसऱ्या. भिंतीतून तिचा आवाज कानात आला, “ताई, तू आलीस म्हणून किती बरं वाटतंय!”

 छान आहे खोली, असं काहीतरी बोलले.

७ ऑक्टोबर, शनिवार

माझंच चुकलं असेल. पण शिकवणाऱ्या माणसाला चुकीचं ऐकवत नाही.

आज गर्दीचा दिवस, चाळीस जणांचा गट. धाकटीनं पुन्हा तेच साल सांगितलं. मी मागून दुरुस्त केलं. तिनं हसून, बघा, माझी ताई खरी इतिहासाची बाई, असं म्हणून मला पुढे बोलावलं आणि दारूकोठार तुम्हीच सांगा म्हणाली. मी सांगितलं. अगदी बरोबर सांगितलं, बांधणी, भिंतीची जाडी, तिन्ही स्फोट, सगळं. पाचव्या मिनिटाला एक बाई फोन पाहू लागली. दोन माणसं सावलीत जाऊन बसली. एक लहान मुलगी आईला म्हणाली की मला ती दुसरी बाई पाहिजे.

धाकटीनं सांभाळून घेतलं. तेच जास्त लागलं. तिनं जरा टोमणा मारला असता तर मला झोप तरी लागली असती.

जेवताना मेहुणे हळूच म्हणाले की ताई, तुम्ही आपल्या निवांत फिरा, कामात कशाला पडता. खारू आईच्या मांडीत बसून तिच्या गळ्याला कान लावून बोलणं ऐकत होती. आतून कसं वाजतं ते ऐकते म्हणे.

८ ऑक्टोबर, रविवार

हे लिहावं की नाही?

दुपारी दीडला सगळे गट उपाहारगृहात असतात. मी एकटीच चहाडीच्या खोलीत गेले. गंमत म्हणून. गार होतं आत. भिंतीला ओठ टेकवले आणि जे मनात होतं ते बोलले. की तिला काही येत नाही. सगळं अर्धवट आणि चुकीचं. नवरा, मूल, गाव, टाळ्या, हे सगळं एका आवाजाच्या जोरावर. तो आवाज मला मिळायला हवा होता. मी थोरली. मी शिकले. मी आईचं आजारपण काढलं. तिला काय गरज त्याची?

एवढं बोलून थांबले. हलकं वाटलं.

भिंतीतून कुणीतरी म्हणालं, “बरं. पुढे?”

पुरुषाचा आवाज. ना राग, ना लोभ. खिडकीमागचा कारकून अर्ज घेताना बोलतो तसा.

मी वळून पाहिलं. समोरचा कोपरा रिकामा होता. खोली रिकामी होती. दारात ऊन पडलं होतं आणि त्यात कुणाची सावली नव्हती.

कुणीतरी बाहेरून थट्टा केली असणार. पण मी उत्तर का दिलं? “एवढंच,” असं मी का म्हणाले?

९ ऑक्टोबर, सोमवार

किल्ला सोमवारी बंद. धाकटीचा घसा बसला आहे. काल वारं लागलं, म्हणाली. मेहुण्यांनी मीठपाणी करून दिलं.

सकाळी मी खारूला दूध पी म्हणाले तर तिनं चटकन वर पाहिलं. मीही दचकले. आवाज मोकळा, भरदार निघाला. इथली हवा मानवते आहे.

११ ऑक्टोबर, बुधवार

धाकटीचा आवाज पूर्ण गेला. डॉक्टरांनी नळी घालून पाहिलं. सूज नाही, गाठ नाही, काही नाही. विश्रांती घ्या, म्हणाले. ती खारूची पाटी घेऊन फिरते आणि लिहून दाखवते. आज लिहिलं की उद्याचे दोन गट ठरलेले आहेत, ताई, तू घेशील?

मी घेईन म्हणाले.

मेहुण्यांनी मान वर केली. तुमचा आवाज अगदी तिच्यासारखा लागायला लागलाय, असं म्हणाले. बहिणी आहेत शेवटी, असं पुढे त्यांचं तेच म्हणाले.

१२ ऑक्टोबर, गुरुवार

काय सांगू! बावीस माणसं, आणि एकही फोन बाहेर निघाला नाही. मी तोंड उघडलं की माणसं जवळ सरकत. साल बरोबर, पुतण्या बरोबर, सगळं बरोबर, आणि वर हा आवाज. वेढ्याची हकिगत संपली. मग टाळ्या. तटावर वारा होता, तरी खालच्या दरवाजापर्यंत ऐकू गेल्या, असं मेहुणे म्हणाले.

चहाडीची खोली मी वगळली.

घरी आले तर धाकटीनं मला मिठी मारली. पाटीवर लिहिलं होतं की तू नसतीस तर माझं काय झालं असतं.

हात धुवायला म्हणून मी आत गेले. बराच वेळ धुवत होते.

१५ ऑक्टोबर, रविवार

रोज दोन गट, आज तीन. होडीवाल्यानं मला माझ्यासाठी म्हणून पुढे घेतलं.

पण एक झालं. मी वर कपडे घडी करत गुणगुणत होते. खारू जिन्यावरून “आई, आई!” करत धावत आली. आईचा आवाज आला, आई बरी झाली, म्हणून. खोलीत मला पाहिलं आणि दारातच थांबली. मी तिला जवळ ये म्हणाले. त्या आवाजात. ती आली. माझ्या गळ्याला कान लावला आणि डोळे मिटले.

मला इतकं बरं वाटलं की मी बोलतच राहिले. काहीबाही. गोष्ट, पाढे, काहीही.

डोळे उघडले तर धाकटी दारात उभी होती. किती वेळ, माहीत नाही. पाटी हातात, कोरी.

१७ ऑक्टोबर, मंगळवार

आज गटातल्या एका म्हाताऱ्या जोडप्यानं चहाडीच्या खोलीचा हट्टच धरला. पुस्तकात वाचून आले होते. नाही कसं म्हणणार?

आजोबा एका कोपऱ्यात, आजी दुसऱ्या. आजींनी भिंतीला कान लावला आणि त्यांचा चेहरा बदलला. यांनी काही बोलण्याआधीच कुणीतरी बोलतंय, म्हणाल्या. बाई आहे. रडवेल्या रागानं बोलतेय. घसा खरवडल्यासारखा आवाज.

मी कान लावला.

माझाच. खडूबाईचा. “तिला काय गरज त्याची? तिला काय गरज त्याची?” पुन्हा पुन्हा.

एकेकानं रांगेनं ऐकलं. अठ्ठावीस माणसांनी. कुणी हसलं नाही. भारी यंत्र बसवलंय हो, असं एकजण म्हणाला, पण हळू आवाजात.

१८ ऑक्टोबर, बुधवार

गावभर झालं. आज लोक फक्त तेवढ्यासाठी आले. तटावर कुणी चढायला तयार नाही.

धाकटी दुपारी किल्ल्यात गेली. मी तिला अडवलं, वारं लागेल म्हणाले. ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली. डोळ्यांकडे नाही, तोंडाकडे. स्वतःची हरवलेली वस्तू दुसऱ्याच्या हातात दिसावी तसं. मग गेली.

परत आली. पाटी माझ्यासमोर ठेवली.

‘ताई, भिंतीतला आवाज तुझा आहे.’

पुसलं. पुन्हा लिहिलं.

‘माझा नुसता मागितला असतास तरी दिला असता.’

हे खोटं आहे. आवाज काय कुणी देतं? पण ती देईल. ती तसलीच आहे. मला तिचा इतका राग आला, इतका — आणि तोंडातून शब्द निघाले ते तिच्याच मधाळ आवाजात.

मेहुणे माझ्याशी बोलत नाहीत.

१९ ऑक्टोबर, गुरुवार

गेले. परत करायला गेले. खरंच त्यासाठीच गेले होते.

भिंतीला ओठ लावून म्हणाले की मी सांगितलं ते खोटं होतं. तिचं तिला द्या.

“तक्रार कुणाविरुद्ध?”

तक्रार नाही म्हणाले. परत घ्या म्हणाले.

“इथे तक्रार घेतात. कुणाविरुद्ध?”

उत्तर मला माहीत होतं. एकच शब्द. माझ्याविरुद्ध. तेवढं म्हटलं असतं तर सुटलो असतो सगळे.

बाहेर गट जमला होता. त्यातलं कुणीतरी म्हणत होतं की ती गोड आवाजाची बाई कुठे आहे, आम्ही तिच्यासाठी आलोय.

तिच्यासाठी. म्हणजे माझ्यासाठी.

मी भिंतीपासून तोंड काढलं आणि बाहेर गेले.

लिहिते आहे म्हणजे लाज आहे अजून. आहे ना?

२० ऑक्टोबर, शुक्रवार

खारू शाळेतून परस्पर बाबांकडे तिकीटखिडकीवर गेली होती. घरी आली ती बिस्किट कुरतडत. माझ्या खाटेवर बसली. पाय हलवत म्हणाली, “मी सांगितलं.”

कुणाला, मी विचारलं.

“कोपऱ्यातल्या काकांना.”

 काय सांगितलंस, विचारलं.

“मावशीनं आईचा आवाज घेतला, तो आईला परत द्या, असं सांगितलं. ते म्हणाले, बरं, पुढे? मग म्हटलं, मावशी आम्हाला नको. कुणालाच दिसायला नको.”

“मग?”

“परत म्हणाले, पुढे? मी म्हटलं, एवढंच.”

बिस्किट संपवून ती खाली गेली. चुरा चादरीवर. मी तिला हाक मारली. करकर, खडूसारखी.

खाली स्वयंपाकघरात धाकटीनं खाकरून पाहिलं. मग एक शब्द. मग खारूचं नाव. मग तिघंही एकदम —

मी जिन्यावर उभी राहून ऐकलं. कुणी वर आलं नाही. आनंदात विसरले असतील.

२१ ऑक्टोबर, शनिवार

टेबलावर तीन ताटं. मी माझं घेतलं. मेहुण्यांनी ते माझ्यासमोरून उचलून फडताळात ठेवलं. रागानं नाही. जादाचं भांडं उचलावं तसं.

किल्ल्यात गेले. ताठ उभी राहिले दरवाजात. गट माझ्या दोन्ही बाजूंनी गेला, खांबाला वळसा घालावा तसा. होडीवाल्याला हाक मारली. त्यानं कानात बोट घालून हलवलं.

चहाडीच्या खोलीत ओरडले. माझ्याविरुद्ध! माझ्याविरुद्ध तक्रार आहे! घसा फाटेपर्यंत.

काही नाही. विचारलंसुद्धा नाही, पुढे म्हणून —

आता सांगून काय —

तारीख? रविवार. खाली सुट्टीची गडबड

धाकटी वर आली. ही खाट इथे कशाला काढलीय, असं नवऱ्याला विचारत होती. तिच्या आवाजात. त्यालाही आठवेना. दोघांनी मिळून दुमडली. मी तिच्यासमोर उभी, हातभर अंतरावर. तिचा हात धरला. तिनं थंडी वाजल्यासारखी बाही खाली ओढली.

तिला मी हवी होते. तिनं मला हाकललं नाही. तिला तर माहीतसुद्धा —

वही आहे अजून. पेन आहे. हात दिसतो, उजेडाकडे धरला की त्यातून पलीकडची खिडकीही दिसते. अक्षर फिकं उमटतंय, जोर देऊनही

खाली हसताहेत. तिघं. कशाला तरी. धाकटी सर्वांत मोठ्यानं. इतकं काय आहे हसण्यासारखं? मला वाटलं होतं निदान आता तरी, निदान हे संपताना तरी मला तिचा हेवा वाटणार नाही. पण तिचं ते हसू ऐकलं की अजून — एकदा, एकदाच ते माझ्या